कपिलधारची सहल पावसाळ्यातच का?

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना बीडच्या कॉलेजातली काही पोरं स्वयंसेवक म्हणून कपिलधारला नेणार आहेत, तेही सप्टेंबरात, गणपती उठल्यावर. सगळ्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात, मग यांनी पावसातला मुहूर्त का काढला? एवढ्या जवळच्या जागेसाठी संमतीपत्र, परवानगी, पालकांची बैठक असं सगळं चाललंय. आणि वर सांगतात, धबधब्यात कुणालाही उतरू देणार नाही. उतरायचंच नाही तर न्यायचं कशाला? माझी नात चौथीत आहे. ती रोज विचारते, तिला काय सांगू? – एक आजोबा, केज तालुका

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रात तीन शंका आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. सहल पावसाळ्यात का, जवळच्या जागेला एवढे कागद का, आणि पाण्यापाशी नेऊन पाण्यापासून लांब का ठेवायचं. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरांची मुळं एकाच दगडात आहेत. तो दगड म्हणजे आपल्या बालाघाटाचा काळा पाषाण. तेव्हा आधी दगडाकडे जाऊ, मग कागदांकडे.

कपिलधार तुम्हाला नवं नाही, पण इतर वाचकांसाठी दोन शब्द. बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बीड शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर, डोंगराच्या खोबणीत हे ठिकाण आहे. ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिणारे वीरशैव लिंगायत परंपरेतले संतकवी मन्मथ स्वामी यांची समाधी इथे आहे. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. याच परिसरात कड्यावरून पाण्याची धार कोसळते. तिचे पावसाळ्यातले फोटो पाहून पुष्कळांची समजूत होते, की ही धार बाराही महिने अशीच असते. तसं नाही.

बालाघाटाची रांग अहिल्यानगरच्या बाजूने बीड जिल्ह्यात शिरते आणि आग्नेयेला सरकत जाते. दख्खनच्या इतर डोंगरांसारखीच ती लाव्हारसाची आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, मग त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसले. सगळे थर सारखे नाहीत. काही टणक, काही ठिसूळ, भोकाभोकांचे. वरचा थर टणक आणि खालचा ठिसूळ असला की पाणी खालचा लवकर झिजवतं, वरचा पुढे आलेला राहतो, आणि ओढ्याला तिथून उडी घेण्यावाचून गत्यंतर नसतं. दख्खनच्या पठारावरचे पुष्कळ धबधबे याच पद्धतीने घडले आहेत.

आता हे पाणी टिकत का नाही ते पाहा. या डोंगरांवर मातीचा थर पातळ, झाडी विरळ आणि उतार बऱ्यापैकी. खाली अखंड कातळ असला की पाणी मुरायला वाव कमी. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडला की पन्हाळीतून लगेच धो धो पाणी येतं आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात पत्रा कोरडा होतो, तसं हे आहे. त्यात बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास, तर महाबळेश्वरची पाच हजारांच्या वर. जो काही पाऊस आपल्याकडे येतो त्यातला मोठा वाटा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. म्हणून धार भरात असते ती तेव्हाच. दिवाळीनंतर ती रोडावत जाते. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे शाळांच्या सहलींच्या ठरलेल्या हंगामात गेलात, तर समाधीचं दर्शन होईल, कडाही दिसेल, पण ज्या धारेसाठी पोरं हट्ट धरतात ती सप्टेंबरातली धार तिथे नसेल.

इतकंच कारण असतं तर पाण्यासाठी मुहूर्त बदलला एवढंच म्हणता आलं असतं. पण दुसरं कारण याहून मोठं आहे आणि ते तुमच्या केज तालुक्यात, शेजारच्या धारूर-वडवणीत आणि पलीकडच्या पाटोदा-शिरूरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डोंगर पाणी धरत नाही म्हणून विहिरी लवकर तळाला जातात. विहीर आटली की रब्बीचा भरवसा राहत नाही. मग दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला घरातला कोयता बाहेर पडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशोब त्या जोडीचाच होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर ही कुटुंबं पाच-सहा महिने असतात. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि बरीचशी आईबापाबरोबर फडावर जातात. ती परततात तेव्हा वार्षिक परीक्षा दारात असते.

म्हणजे दिवाळीनंतरची सहल ही नेमक्या याच मुलांना वगळून निघालेली सहल असते. कुणी मुद्दाम वगळत नाही. पण पटावर नाव असूनही ती मुलं गाडीत नसतात. एप्रिलमध्ये परत आल्यावर वर्गातल्या बाकीच्यांच्या तोंडून सहलीच्या गोष्टी ऐकायच्या, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. सप्टेंबरात मात्र वर्ग भरलेला असतो. त्या तरुणांनी गणपती ते दसरा या मधल्या दिवसांतला शनिवार निवडला असेल, तर त्यांना आपला जिल्हा चांगला कळला आहे. मला तरी हे कारण सगळ्यांत वजनदार वाटतं.

‘एवढ्या जवळ काय सहल न्यायची?’ असंही गावात कुणी म्हणत असेल. सहल म्हणजे वेरूळ, रायगड, शिर्डी अशी कल्पना आपल्या डोक्यात पक्की आहे. ती ठिकाणं जरूर पाहावीत. पण मुक्कामाच्या सहलीची वर्गणी भरायची वेळ आली की ज्यांच्या घरी पैसा नाही ती मुलं ‘माझं पोट दुखतं’ म्हणून मागे राहतात, हे कोणत्याही गुरुजींना विचारा. एक दिवसाच्या, जवळच्या सहलीत सगळा वर्ग जाऊ शकतो. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देतं. उरलेला खर्च गावाने आणि स्वयंसेवकांनी मिळून उचलला तर कुणाच्याही घरी पैसे मागायची वेळ येत नाही. आणि जवळचं आहे म्हणून शिकण्यासारखं कमी आहे असं मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणातच शाळा भरवली होती. मुलाच्या भोवतीचं जग हेच पहिलं पुस्तक, असं त्यांचं शिक्षण सांगत होतं. तिसरी ते पाचवीच्या विषयाला आपण ‘परिसर अभ्यास’ म्हणतो, तो याच अर्थाने.

आता पाण्यात न उतरण्याविषयी. इथेही तोच दगड. जो डोंगर पाणी धरून ठेवत नाही, तो पाणी एकदम सोडतोही. तुम्ही कड्याखाली उभे आहात, डोक्यावर ऊन आहे, पण वर दोन-तीन किलोमीटरवर जोराची सर पडली, तर ते सगळं पाणी थोड्या वेळात याच ओढ्यातून खाली येतं. पाऊस आपल्याजवळ पडलेला नसतो, म्हणून लोक बेसावध राहतात. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आधी ती प्रवाहात उभी होती, मग पाणी वाढलं आणि काठ गाठता आला नाही. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तुमच्या पिढीला चांगलं आठवत असेल. 23 जुलै 1989 ला बालाघाटातून आलेल्या पाण्याने बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहरातल्या वस्त्यांमध्ये शिरला. एरवी जिच्या पात्रात गुडघाभरही पाणी नसतं, ती नदी. बीड म्हणजे कायमचा दुष्काळ, इथल्या पाण्याला काय भ्यायचं, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

दुसरा गैरसमज उथळपणाचा. धार जिथे आदळते तिथला खळगा वर्षानुवर्षं खोदला गेलेला असतो. काठावर घोटाभर पाणी आणि दोन पावलांवर डोक्याच्या वर, असं होऊ शकतं, आणि फेसामुळे तळ दिसत नाही. खडकावरचं शेवाळ तर पोहणाऱ्यालाही पाडतं. शिवाय धारेबरोबर वरून दगड येतात, छोटासा दगडही त्या उंचीवरून डोक्यात बसला तर जीवावर बेततं. चाळीस मुलांतल्या एकाला जरी ‘तू फक्त पाय भिजव’ म्हटलं तरी उरलेली एकोणचाळीस थांबत नाहीत. म्हणून नियम एकच ठेवायचा: पाण्याला कुणीच हात लावायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. त्या पोरांनी तो आधीच सांगून ठेवला, हे चांगलं केलं.

आता कागद. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. चौदा जणांचे जीव गेले. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींविषयी सविस्तर सूचना काढल्या. समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशा जोखमीच्या जागी मुलांना नेऊ नये, दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, मुली असतील तर शिक्षिका हवी, पालकांची लेखी संमती घ्यावी, सहलीची सक्ती करू नये, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असा त्यांचा सारांश. ‘वीस-तीस किलोमीटरच तर आहे’ ही सबब यात बसत नाही, कारण धोका अंतराने ठरत नाही.

तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी अर्जात हे स्पष्ट लिहायला हवं, की ही देवस्थानाची आणि परिसर अभ्यासाची भेट आहे, पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम नाही, आणि धार लांबून पाहिली जाईल. एवढं लिहूनही पावसाळ्यात नको असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, तर तो शब्द शेवटचा मानावा. स्वयंसेवक कितीही चांगले असले तरी मुलांची जबाबदारी कायद्याने आणि रीतीने शाळेचीच असते. ‘आम्ही नेतो, तुम्ही फक्त मुलं द्या’ असं कुणी म्हटलं तर देऊ नका. शिक्षक गाडीत हवेतच. पालकांच्या बैठकीचं म्हणाल, तर शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेच ते ठरवलं आहे. ज्या आईला वाचता येत नाही तिच्यापुढे संमतीपत्राचा कागद सरकवून अंगठा घेणं ही संमती नव्हे. तो तिला वाचून दाखवायचा, कुठे नेणार, कोण बरोबर आहे, किती वाजता परत आणणार हे सांगायचं. तुमच्या गावात बैठक घेतली जाते आहे, म्हणजे हे काम नीट चाललं आहे.

मग स्वयंसेवकांचं काम काय? पुष्कळ आहे. चांगली मंडळी आठ-दहा दिवस आधी स्वतः जाऊन वाट पाहून येतात. गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती निसरड्या आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते खरंच उघडं असतं का, डबे खायला बसायची जागा कुठली, पाऊस आला तर आडोसा कुठे, जवळचा दवाखाना कोणता. श्रावणी सोमवार, रविवार आणि यात्रेचे दिवस टाळायचे, कारण गर्दीत मूल हातचं सुटतं. गाडी म्हणाल तर एसटी प्रासंगिक करारावर घ्यावी. क्रूझरमध्ये किंवा टेम्पोत मुलं कोंबून नेणाऱ्या सहलीला तुमच्या नातीला अजिबात पाठवू नका.

मोजणीची एक पद्धत तुमच्या गुरुजींना जरूर सांगा. माणसाने डोकी मोजली की चुकतं, कारण मुलं एका जागी राहत नाहीत. त्यापेक्षा शाळेतून निघतानाच प्रत्येक मुलाला एक आकडा द्यायचा आणि शेजारच्या आकड्याशी जोडी लावायची. गाडीत चढताना, उतरल्यावर, समाधीपाशी, जेवणाआधी, परत चढताना शिट्टी वाजली की मुलांनी आपापला आकडा ओरडायचा. एक, दोन, तीन... सतरा म्हणून झालं आणि अठरा आलाच नाही, की सतरावा लगेच सांगतो, ‘सर, ती चप्पल घालतीय.’ जोडीदार कुठे आहे हे पोरांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. रांगेच्या पुढे एक मोठा माणूस आणि अगदी शेवटी एक. शेवटच्याने कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, फोटो काढायलाही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पाण्यात उतरायचं नाही तर न्यायचं कशाला. कडा पाहायला. समोर उभं राहून चौथीच्या मुलीने वहीत तो कडा काढला, तर तिला आडवे थर दिसतील. कुठला पुढे आला आहे आणि कुठला आत गेला आहे, हे ती बोटाने दाखवेल. पाणी कुठल्या थरावरून सुटतं ते कळलं की धबधबा का होतो हे तिला कुणी पाठ करून द्यायची गरज नाही. मग तिला विचारायचं, हे पाणी पुढे कुठे जातं? याच बालाघाटाच्या रांगेतलं काही पाणी बिंदुसरेतून सिंदफणेत आणि जिल्ह्यातच गोदावरीला मिळतं. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र लातूर, कर्नाटकातलं बीदर, तेलंगणा असा लांबचा फेरा घालून मग गोदावरीला भेटते. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन सरींच्या वाटा इतक्या वेगळ्या होतात, हे ऐकून मुलं नकाशा मागतात, असा बऱ्याच शिक्षकांचा अनुभव आहे.

आणि मोर. मांजरसुंब्यापासून पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य आहे. आपल्याकडच्या मोरांचा नाचायचा काळ पावसाळ्याचा. तो सरता सरता नराची लांब पिसं गळून पडायला लागतात. दिवाळीनंतर मोर दिसला तरी पिसारा अपुरा असतो, नवा फुटत असतो. सप्टेंबरात रस्त्याकडेच्या माळावर एखादा दिसला, तर त्याचा पिसारा गळायला लागला आहे का, हे मुलांना पाहायला सांगा. गळलेलं पीस सापडलं तर ते तिथेच राहू द्यावं.

गाडी लागण्याविषयी थोडं सांगतो, कारण नातीला एसटीची सवय नसेल तर डोंगरातल्या वळणांवर हा प्रश्न येणारच. गाडी लागणं हा पोटाचा आजार नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. ते मेंदूला सांगतं की शरीर हलतं आहे, वळतं आहे. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीकडे लागलेले असतात आणि ते सांगतात की काहीच हलत नाही. दोन साक्षी जुळत नाहीत, त्यातून मळमळ होते. चालकाला गाडी लागत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि वळण येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. म्हणून अशा मुलाला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवावं, लांबचा डोंगर पाहायला सांगावं, पुस्तक किंवा मोबाइल देऊ नये. पुष्कळ जण उपाशीपोटी नेतात, त्याने उलट त्रास वाढतो. सकाळी तेलकट पोहे नकोत. अर्धी दशमी आणि थोडं पाणी पुरे.

एका गोष्टीवर मात्र त्या तरुणांशी आधीच बोलून घ्या. मुलांना खाऊ देतानाचे, रांगेत हात पुढे केलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकायची सवय हल्ली फार वाढली आहे. ऊसतोड कामगाराचं पोर म्हणून एखाद्याचा चेहरा असा फिरत राहणं त्याला मोठेपणी आवडेल का, याचा विचार करायला हवा. वर्गाचा एक फोटो शाळेसाठी काढावा, तो शाळेतच लावावा. बाकीच्या फोटोंना संमतीपत्रात स्पष्ट नकार लिहायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो लिहिला म्हणून कुणी सहलीतून नाव कमी करू शकत नाही.

नातीला आता एवढं सांगा: डब्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची, पातळ भाजी नको. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. वही-पेन्सिल पिशवीत, पिशवी खांद्याला. आकडा विसरायचा नाही. आणि आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला किंवा हवामान खात्याने जिल्ह्याला ऑरेंज वा रेड अलर्ट दिला, तर गाडी निघणार नाही, हे तिला आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या सकाळी रडारड होणार नाही. गणपती ते दसरा दोन-तीन शनिवार हाताशी असतात. पहिला हुकला तर दुसरा आहे.